लायचा भात औषधी आहे काय? : प्रयोगशाळा ते ताट या वाटेवरील प्रशिक्षण व निधीच्या संधी

रायपूरहून धमतरीच्या रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर गेले की अभनपूर लागते. पूर्व विदर्भातील गोंदिया, भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना हा प्रदेश परका वाटणार नाही. तेच बांधबंदिस्तीचे तुकडे, तीच खरिपातील रोवणी आणि बोलीतही भाताला तोच शब्द, धान. या गावापासून वाहनाने साधारण तासाभराच्या अंतरात चार महत्त्वाची ठिकाणे आहेत. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात भाताच्या सुमारे २३ हजार नमुन्यांचा जननद्रव्य संग्रह आहे. बरोंडा येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. रायपुरातच अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, २०१२ पासून कार्यरत आहे. चौथे ठिकाण म्हणजे शेतकऱ्याचे स्वतःचे शेत. या चार ठिकाणांमधील रस्त्याचे अंतर थोडे आहे. कामाचे अंतर मात्र मोठे आहे. ते अंतर कापणारे संशोधन, त्यासाठी लागणारे प्रशिक्षण आणि त्याला मिळणारा निधी यांचा परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

प्रश्न नेमका काय आहे?

छत्तीसगडच्या देशी भातांमध्ये गठुवन, महाराजी आणि लायचा या वाणांना लोकपरंपरेत औषधी मानले जाते. गठुवन सांधेदुखीवर, महाराजी बाळंतपणानंतरच्या अशक्तपणावर आणि लायचा गर्भवतीच्या आहारात उपयुक्त, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूर येथे गावोगावचे हजारो देशी नमुने गोळा केले, म्हणूनच असे अनेक वाण आज अभ्यासासाठी उपलब्ध आहेत. पुढे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय व मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी या तीन वाणांच्या अर्काची प्रयोगशाळेत तपासणी केली. फुफ्फुस व स्तन यांच्या कर्करोग पेशींची वाढ या अर्कांमुळे रोखली जाते आणि त्यांत लायचा अधिक प्रभावी आहे, असे निरीक्षण पुढे आले. वृत्तपत्रांनी ही बातमी ठळकपणे छापली. बाजारात त्याचे रूप ‘कर्करोग बरा करणारा तांदूळ’ असे होण्यास वेळ लागत नाही.

समजा, अभनपूर परिसरातील एखाद्या शेतकऱ्याने लायचा लावण्याचे ठरवले आणि त्याने विस्तार कार्यकर्त्याला विचारले, “हा तांदूळ औषध म्हणून विकता येईल का? भाव किती मिळेल?” हा प्रश्न थेट त्याच्या उत्पन्नाशी निगडित आहे. छत्तीसगडमध्ये २०२३-२४ च्या हंगामापासून शासन एकरी २१ क्विंटलपर्यंत धान घेते आणि शेतकऱ्याच्या हाती क्विंटलमागे ३,१०० रुपये पडतात. म्हणजे सुधारित वाण लावून ही मर्यादा गाठणाऱ्यास एकरी ६५,१०० रुपयांची खात्री आहे. देशी वाणाचे उत्पादन एकरी १० क्विंटल धरले, तर तेवढीच रक्कम मिळण्यासाठी क्विंटलला ६,५१० रुपये भाव हवा. हा वरचा भाव ग्राहक का देईल? गुणधर्म सिद्ध झाला असेल तर देईल. सिद्ध न झालेल्या गुणधर्मावर भाव मागितला, तर एखाद्या हंगामात तो मिळेलही. परंतु त्याची किंमत पुढे रुग्णाला आणि शेवटी शेतकऱ्याच्या विश्वासार्हतेला मोजावी लागते.

पायऱ्या ओळखणे

प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रत्यक्ष वापरापर्यंत नेणाऱ्या संशोधनास ट्रान्सलेशनल संशोधन म्हणतात, आणि माणसांवर, त्यांच्या संमतीने व वैद्यकीय देखरेखीखाली केलेल्या अभ्यासास क्लिनिकल संशोधन म्हणतात. अन्नधान्याच्या बाबतीत ही वाट साधारणपणे पाच पायऱ्यांची असते.

पहिली पायरी वाणाची ओळख. ज्याला आपण लायचा म्हणतो ते बियाणे खरोखर लायचाच आहे, हे आकारवैशिष्ट्यांवरून व डीएनए चाचणीवरून ठरवावे लागते. दुसरी पायरी दाण्यातील घटकांचे विश्लेषण. तिसरी पायरी पेशींवरील व प्राण्यांवरील प्रयोग. चौथी पायरी माणसांवरील चाचणी. पाचवी पायरी शेतावर उत्पादन, प्रक्रिया, प्रमाणीकरण व विक्री.

लायचाच्या कर्करोगविषयक निरीक्षणाचे स्थान तिसऱ्या पायरीच्या आरंभी आहे. पेशींवर टाकलेला अर्क संहत असतो. ताटातील भात शिजवलेला असतो, तो पचनातून जातो, आणि त्यातील एखादा घटक रक्तात पोचतो की नाही, पोचला तर किती प्रमाणात, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. म्हणून ‘पेशींची वाढ रोखली’ हे विधान आणि ‘रोग बरा झाला’ हे विधान यांत दोन मोठ्या पायऱ्यांचे अंतर आहे. हे निरीक्षण टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. पुढील पायरीसाठी मनुष्यबळ आणि पैसा लावण्यास ते पुरेसे कारण आहे, इतकाच त्याचा अर्थ आहे.

पूर्ण झालेली एक वाट : महाराष्ट्रातील बाजरी

ही वाट शेवटपर्यंत कशी चालता येते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रात आहे. इक्रिसॅट या संस्थेने आयसीटीपी ८२०३ या जुन्या, शेतकऱ्यांत लोकप्रिय असलेल्या बाजरी वाणातून अधिक लोह असलेली निवड केली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने ती ‘धनशक्ती’ या नावाने २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी आणि २०१४ मध्ये देशासाठी प्रसारित झाली. तिच्या दाण्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. जळगाव जिल्ह्यातील पाचोरा येथील निर्मल सीड्सने तिचे बियाणे शेतकऱ्यांपर्यंत पोचवले.

येथवर हे नेहमीचे पीक पैदास कार्य होते. पुढचा प्रश्न वेगळा होता : दाण्यात लोह वाढले, पण ते भाकरीतून मुलांच्या शरीरात जाते काय? त्यासाठी तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, निवासी शाळांतील १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ मुलामुलींवर सहा महिन्यांची चाचणी झाली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ आणि मुंबईचे एसएनडीटी महिला विद्यापीठ येथील संशोधक तिच्यात होते. मुलांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटास अधिक लोहाच्या बाजरीची आणि दुसऱ्या गटास साध्या बाजरीची भाकरी दिवसातून दोन वेळा दिली. रक्तातील फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहसाठ्याचे माप, चार महिन्यांतच पहिल्या गटात अधिक वाढले. आरंभी ज्यांच्यात लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी पहिल्या गटातील मुलांची कमतरता सहा महिन्यांत भरून येण्याची शक्यता साध्या बाजरीच्या गटाच्या १.६४ पट होती. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१८ मध्ये बाजरीच्या नव्या वाणांसाठी लोहाची किमान पातळी किलोमागे ४२ मिलिग्रॅम व जस्ताची ३२ मिलिग्रॅम अशी अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाने ठरवली.

या कामात पैदासकार, आहारतज्ज्ञ, रक्त तपासणारे तंत्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, शाळेतील स्वयंपाकी, पालक आणि बियाणे कंपनी असे सर्व घटक एकत्र आले होते. त्यांपैकी एक जरी गळाला असता, तरी धनशक्ती ‘अधिक लोहाचे बियाणे’ म्हणूनच राहिली असती. ‘मुलांच्या लोहकमतरतेवर उपयुक्त भाकरी’ असे म्हणण्याचा अधिकार तिला मिळाला नसता.

रायपूरमध्येच दुसरे, लहान खर्चाचे उदाहरण आहे. तेथील कृषी विश्वविद्यालयाने ‘मधुराज-५५’ हा कमी ग्लायसेमिक निर्देशांकाचा तांदूळ पुढे आणला. एखादे अन्न खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वाढते, याचे माप म्हणजे हा निर्देशांक. तो ५५ किंवा त्याहून कमी असेल तर कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० पासून पुढे अधिक मानला जातो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान १० निरोगी स्वयंसेवकांना ५० ग्रॅम कर्बोदके मिळतील एवढे अन्न देऊन दोन तासांत ठरावीक अंतराने रक्तशर्करा मोजतात आणि ग्लुकोजशी तुलना करतात. म्हणजे हे माप यंत्रातून निघत नाही, माणसातून निघते. विस्तार कार्यकर्त्यांनी येथे एक बाब ध्यानात ठेवावी : निर्देशांक ज्या रूपातील तांदळाचा मोजला त्याच रूपाला तो लागू असतो. पॉलिशचे प्रमाण, उकडा की कच्चा, आणि शिजवण्याची पद्धत बदलली की आकडाही बदलू शकतो.

प्रशिक्षण : कोणाला, कोठे?

या वाटेवर सर्वांत मोठी उणीव दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसांची आहे. कृषिशास्त्रज्ञाला चाचणीची रचना व नैतिक परवानगी यांची ओळख नसते, तर वैद्यकीय संशोधकाला वाण, हंगाम व बियाणे शुद्धता यांची. पुढील संधी ही दरी भरून काढण्यास उपयोगी आहेत.

वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची अल्पमुदतीची विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. तिच्यात विद्यार्थी आपल्या मार्गदर्शकाकडे साधारण दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करतो आणि त्यास विद्यावेतन मिळते. पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना अनिवार्य असलेला जैववैद्यकीय संशोधनाचा पायाभूत अभ्यासक्रम चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था ‘स्वयम्’ या संकेतपीठावरून चालवते. संशोधन प्रश्न कसा मांडावा, नमुना किती घ्यावा, संमती कशी घ्यावी, या बाबी कृषी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीही अशा अभ्यासक्रमांतून समजून घेणे हिताचे आहे.

पीक आणि शरीर यांना जोडणारे देशातील प्रमुख ठिकाण म्हणजे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. १९१८ मध्ये कुन्नूर येथे लहान चौकशी केंद्र म्हणून तिचा आरंभ झाला. ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे घटक देणारी २०१७ ची अन्नघटक सारणी याच संस्थेची आहे. उपयोजित पोषणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम येथे उपलब्ध आहेत. गृहविज्ञान, अन्नतंत्रज्ञान व कृषी शाखांच्या पदवीधरांनी त्यांची प्रवेशपात्रता अवश्य पाहावी.

कृषी विद्यापीठांतील प्राध्यापक व शास्त्रज्ञांसाठी भारतीय कृषी संशोधन परिषद २१ दिवसांच्या उन्हाळी व हिवाळी शाळा भरवते. संशोधन प्रकल्पाचे व्यवस्थापन शिकण्यासाठी हैदराबादची राष्ट्रीय कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमी आहे. विस्तार कार्यकर्त्यांसाठी हैदराबादचीच ‘मॅनेज’ ही संस्था आणि आपल्या जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र ही पहिली दारे होत. कृषी पदवीधरांना स्वतःचे सेवा केंद्र उभारायचे असल्यास २००२ पासून चालू असलेल्या ॲग्री-क्लिनिक व ॲग्री-बिझनेस केंद्र योजनेत ४५ दिवसांचे निःशुल्क प्रशिक्षण मिळते. बँक कर्जातून उभारलेल्या केंद्राच्या प्रकल्प खर्चावर सर्वसाधारण गटास ३६ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती इत्यादींना ४४ टक्के अनुदानाची तरतूद आहे.

पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातील पात्र विद्यार्थ्यांना बार्टी, सारथी व महाज्योती या राज्य संस्थांच्या अधिछात्रवृत्ती उपलब्ध आहेत. शेतकरी कुटुंबातील अनेक मुलेमुली या गटांत मोडतात. माहितीअभावी त्यांचा अर्ज राहून जाऊ नये, ही जबाबदारी गावपातळीवरील कार्यकर्त्याची आहे.

निधी : पायरीनुसार दार

निधीसाठी अर्ज नाकारले जाण्याचे एक सामान्य कारण म्हणजे चुकीच्या पायरीचे काम चुकीच्या दारी नेणे. मूलभूत संशोधनाचा निधी देणारी संस्था पाकीटबंद तांदळाच्या विपणनाला पैसे देत नाही. नवउद्योगाला मदत करणारी योजना पेशींवरील प्रयोग करून देत नाही. म्हणून आपले काम कोणत्या पायरीवर आहे, हे आधी निश्चित करावे.

पहिल्या दोन पायऱ्यांसाठी, म्हणजे वाणाची ओळख व घटक विश्लेषण यांसाठी, भारतीय कृषी संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कृषी विज्ञान निधी आणि अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन हे प्रमुख स्रोत आहेत. हे फाउंडेशन २०२३ च्या कायद्याने स्थापन झाले आणि पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. नव्याने नियुक्त झालेल्या प्राध्यापक-शास्त्रज्ञांसाठी पंतप्रधान अर्ली करिअर संशोधन अनुदान, आणि साधनांनी समृद्ध संस्थेच्या मार्गदर्शनाखाली राज्य विद्यापीठांना जोडून घेणारी ‘पेअर’ योजना, या दोन्ही लहान संस्थांना उपयुक्त आहेत.

तिसऱ्या व चौथ्या पायरीवर वैद्यकीय निधी लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद संस्थेबाहेरील संशोधकांना लहान व मध्यम स्वरूपाची अनुदाने देते. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांच्या भागीदारीतून २००८ मध्ये सुरू झालेली इंडिया अलायन्स ही संस्था आरंभीच्या, मध्यम व ज्येष्ठ टप्प्यांवरील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देत आली आहे, आणि तिच्यात क्लिनिकल व सार्वजनिक आरोग्य संशोधकांसाठी स्वतंत्र वाट आहे. या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर २०२५ रोजी मान्यता दिली. त्यासाठी एकूण १,५०० कोटी रुपयांची तरतूद असून त्यांपैकी १,००० कोटी जैवतंत्रज्ञान विभागाचे व ५०० कोटी वेलकम ट्रस्टचे आहेत. या पायरीवर मुख्य अर्जदार वैद्यकीय संस्थेतील असणे सोयीचे, आणि कृषी विद्यापीठ व शेतकरी गट भागीदार असणे योग्य. आरोग्य संशोधन विभागाची आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रेही सहकार्यासाठी पाहावीत. महाराष्ट्रात डहाणू येथे असे केंद्र आहे.

पाचव्या पायरीवर, म्हणजे उत्पादन व उद्योगाच्या टप्प्यावर, दोन योजना विशेष परिचित आहेत. बायरॅक या केंद्रीय संस्थेची ‘बिग’ ही योजना जैवतंत्रज्ञानातील नवकल्पनेची उपयुक्तता सिद्ध करण्यासाठी १८ महिन्यांच्या कालावधीत ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतील रफ्तार कार्यक्रमात कृषी नवउद्योगास कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत आणि बीजभांडवलाच्या टप्प्यावर २५ लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते. रायपूरच्या कृषी विश्वविद्यालयात या कार्यक्रमाचे उद्भवन केंद्र आहे. शेतकरी किंवा ग्रामीण कारागीर यांच्या स्वतःच्या शोधासाठी २००० मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान हे वेगळे दार आहे. तेथे पदवीची अट नाही. प्रत्येक योजनेची रक्कम, वयोमर्यादा व अंतिम दिनांक त्या वर्षीच्या जाहिरातीतच तपासावा.

शेतकरी गटाचा सहभाग कसा असावा?

संशोधन प्रस्तावात ‘शेतकऱ्यांचा सहभाग’ हे शब्द सहज लिहिले जातात. प्रत्यक्षात शेतकरी गट चार गोष्टी देऊ शकतो, ज्या प्रयोगशाळेकडे नसतात.

१. शुद्ध बियाणे : ओळख पटलेल्या वाणाचा स्वतंत्र तुकडा, शेजारच्या वाणापासून अंतर ठेवून, दरवर्षी वेगळ्या प्रकारच्या रोपांची काढणी करून राखलेला.

२. नोंदवही : जमिनीचा प्रकार, रोवणी व कापणीचे दिनांक, खते, फवारण्या, साठवण. दाण्यातील लोह किंवा सुगंध जमिनीनुसार बदलतो. नोंद नसलेला नमुना शास्त्रीय दृष्ट्या दुबळा ठरतो.

३. परंपरेतील माहिती : हा तांदूळ कोण, कोणत्या स्थितीत, किती दिवस आणि कशा रूपात खात असे? पेज, की भात, की लाह्या? चाचणीची रचना याच माहितीवरून ठरते. गावातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे ही माहिती सर्वाधिक असते.

४. स्वयंसेवक : माणसांवरील चाचणीत गावातील व्यक्ती सहभागी होणार असतील, तर नीतिशास्त्र समितीची मंजुरी, समजेल अशा भाषेतील संमतीपत्र, आणि केव्हाही माघार घेण्याची मुभा या तीन बाबी त्यांच्या हक्काच्या आहेत. औषध चाचण्यांची नोंद भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदपटात करणे १५ जून २००९ पासून सक्तीचे आहे. हा नोंदपट सर्वांना विनामूल्य पाहता येतो. एखाद्या अन्नाची माणसांवर चाचणी झाल्याचा दावा कोणी केला, तर विस्तार कार्यकर्त्याने पहिला शोध येथे घ्यावा.

श्रेय आणि हक्क

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या वाणाच्या शेतात वेगळ्या ओंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून एचएमटी भात तयार केला. आज हा वाण विदर्भाबाहेर छत्तीसगडमध्येही सर्वपरिचित आहे. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ मध्ये त्यांचा गौरव केला. परंतु वाण सर्वत्र पसरूनही त्यांचे जीवन कष्टातच गेले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वाण शेतातून बाहेर जाण्यापूर्वीच त्याची नोंद व्हावी, हा धडा त्यातून घ्यावा लागतो.

२००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी शुल्काविना करता येते. देशी वाण जतन करणाऱ्यांसाठी वनस्पती जनुक रक्षक पुरस्कार आहेत. समूहासाठी १० लाख रुपये आणि वैयक्तिक शेतकऱ्यासाठी दीड लाख रुपये असे त्यांचे स्वरूप राहिले आहे. भौगोलिक मानांकन हा आणखी एक मार्ग. अभनपूरच्या शेजारच्या धमतरी जिल्ह्यातील नगरी दुबराज या सुगंधी भाताला २०२३ मध्ये असे मानांकन मिळाले. संस्थेस बियाण्याचा नमुना देताना वाणाचे स्थानिक नाव, देणाऱ्याचे नाव, दिनांक, उद्देश आणि पुढील लाभातील वाटा यांचा लेखी उल्लेख करून घ्यावा. याच दुबराजचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. मूळ वाण उंच, लोळणारा व उशिरा पक्व होणारा असल्याने मागे पडत होता. भाभा अणुसंशोधन केंद्र व रायपूरचे विश्वविद्यालय यांनी किरणोत्सर्गाच्या साहाय्याने उत्परिवर्तन घडवून त्याचे बुटके व लवकर येणारे रूप विकसित केले. शेतकऱ्यांनी जपलेला वाण आणि अणुविज्ञान यांची सांगड अशी जुळते.

पाकिटावर काय लिहू नये?

औषधी गुणाच्या आशेने घाईने छापलेले एक वाक्य संपूर्ण गटाला अडचणीत आणू शकते. कर्करोग व मधुमेह यांसारखे रोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने प्रतिबंध आहे. अन्नपदार्थ रोग टाळतो, बरा करतो किंवा त्यावर उपचार करतो, असा दावा अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांत निषिद्ध आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस २००६ च्या कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. याहून गंभीर बाब म्हणजे असा दावा वाचून एखाद्या रुग्णाने उपचार लांबवला, तर होणारी हानी कोणत्याही दंडाने भरून येत नाही.

लिहिता येण्यासारखे मात्र पुष्कळ आहे : वाणाचे नाव, पिकवणाऱ्या गावाचे नाव, हातसडीचा की पॉलिश केलेला, रासायनिक अवशेषांची तपासणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने मोजलेले घटक. हे सर्व खरे असते, तपासता येते, आणि जाणता ग्राहक त्यासाठी अधिक किंमत मोजतो.

अभनपूरच्या शेतकऱ्याला उत्तर

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. लायचा औषध म्हणून विकता येईल काय? आज नाही. तो लावावा काय? लावावा, पण सर्व क्षेत्रावर नव्हे. शासकीय खरेदीच्या भरवशाचे पीक कायम ठेवून एका तुकड्यावर, शुद्ध बियाणे घेऊन आणि नोंदवही ठेवून. त्याच वेळी कृषी विज्ञान केंद्रामार्फत विश्वविद्यालयाकडे वाणाची ओळख पटवून घ्यावी, शेतकरी वाण नोंदणीची चौकशी करावी, आणि पाच-दहा शेतकऱ्यांचा गट करून त्या गटाचे नाव एखाद्या संशोधन प्रस्तावात भागीदार म्हणून येईल असे पाहावे.

विस्तार कार्यकर्त्याने पुढील हंगामापूर्वी एक छोटी कृती करावी. आपल्या कार्यक्षेत्रात औषधी किंवा पौष्टिक म्हणून सांगितल्या जाणाऱ्या प्रत्येक वाणापुढे एक अंक लिहावा : तो पाचपैकी कोणत्या पायरीवर आहे? ज्या पायरीवर तो उभा आहे तिच्या पुढील पायरीचे प्रशिक्षण कोण देते आणि निधी कोण देतो, हे त्यासमोर नोंदवावे. एका पानाची ही यादी कृषी विज्ञान केंद्र, विद्यापीठ आणि जवळचे वैद्यकीय महाविद्यालय या तिघांकडे पाठवावी. भाकरीतील लोह मुलांच्या शरीरात पोचते काय, हा प्रश्न विचारला गेला तेव्हाच धनशक्ती बाजरीची चाचणी उभी राहिली. लायचाबद्दल तसाच नेमका प्रश्न एम्स आणि विश्वविद्यालय यांच्यासमोर एकत्रित मांडला गेला, तर अभनपूरच्या शेतकऱ्याला आज देता न येणारे उत्तर उद्या पुराव्यासह देता येईल.